स्लो फ्लो योगाचा क्लास, कोथरूड: घाम कमी, पण पाय लटपटतात

क्लासचं नाव टाकत नाहीये, आधीच सांगते, म्हणजे खाली कोणी विचारत बसायला नको. शिकवणाऱ्या ताईंनीच बजावून ठेवलंय की नाव-नंबर कुठे टाकू नका, सकाळच्या दोन्ही बॅच भरल्यात आणि हॉलमध्ये चौदाच्या वर मॅट मावत नाहीत. पुण्यात असं सांगणारे दुकानदार असतात हे माहीत होतं, योगावाले पण असतात हे आत्ता कळलं. कर्वे पुतळ्याच्या आसपास राहणारे असाल तर दोघा-तिघांना विचारा, कोणीतरी सांगेलच.

तसंही मला लिहायचंय ते मुळात या प्रकाराबद्दल. स्लो फ्लो म्हणजे आसनं एकाला एक जोडून, श्वासाच्या वेगाने सावकाश करायची. योगाचे क्लास आपल्याकडे गल्लोगल्ली आहेत, पण स्लो फ्लो नीट शिकवणारे फार कमी आणि नाव ऐकलं की बहुतेकांना वाटतं ही सीनियर सिटिझन बॅच असणार. माझ्या जावेनं तर तोंडावर विचारलं, "म्हातारपणाची तयारी आत्तापासून का गं?" तिला एकदा ट्रायलला घेऊन गेले, दुसऱ्या दिवशी तिला जिना उतरताना कठड्याला धरावं लागलं, त्यानंतर ती काही बोललेली नाही.

तर होतं काय तिथे. साडेसहाची बॅच, पावणेआठपर्यंत चालते. सुरुवातीला उताणं झोपायचं, गुडघे वर, पावलं जमिनीवर, एक हात पोटावर, आणि पहिली सात-आठ मिनिटं दुसरं काहीच नाही. श्वास कुठे जातोय बघा, एवढंच. नवीन माणूस इथेच वैतागतो. माझ्या शेजारची मुलगी (आयटीतली, घड्याळ हातात, सतत त्यात बघणारी) पहिल्या दिवशी मान वळवून मला म्हणाली की काकू, हे सुरू कधी होणार? मग मार्जारासन, तेही असं नाही की एक-दोन-एक-दोन पाठ वर-खाली. ताईंचं एक वाक्य ठरलेलं आहे, "श्वास आधी, हात नंतर." म्हणजे श्वास घ्यायला सुरुवात करायची, तो जरा आत गेला की मग हालचाल सुरू करायची आणि श्वास संपायच्या आधी हालचाल संपवायची. ऐकायला सोप्पं वाटतं ना? करून बघा. आपली सवय अशी असते की हात वर जातात आणि श्वास मागून फरफटत येतो, नाहीतर सरळ रोखलेलाच असतो. नुसते हात वर करून खाली आणणं, ताडासनातलं, हे श्वासाच्या वेगाने करायचं म्हटलं तर चौथ्या-पाचव्या वेळेला खांदे भरून येतात.

उभ्या आसनांना आलं की खरी मजा. वीरभद्रासन, त्यातूनच मागे झुकून विपरीत वीरभद्रासन, मग तसंच पुढे येत पार्श्वकोनासन, परत वर, आणि हे सगळं एका बाजूला, पुढचा गुडघा वाकलेलाच. प्रत्येक ठिकाणी तीन-चार श्वास थांबायचं आणि एका आसनातून दुसऱ्यात जायला पण एक पूर्ण श्वास. पुढच्या पायाची मांडी पेटते अक्षरशः. आणि ताई शांतपणे सांगत असतात की चेहरा सैल सोडा, दात आवळू नका. दात आवळलेत हे तेव्हा कळतं.

सगळ्यात अवघड गोष्ट कुठली म्हणाल तर आसन नाहीच, पर्वतासनातून (हात-पाय जमिनीवर, कंबर वर, डोकं खाली) पाय पुढे दोन हातांच्या मध्ये आणून ठेवणं. सूर्यनमस्कारात हे आपण सगळे करतो, पण करतो म्हणजे काय, पाय फेकतो, धप्पकन. इथे फेकायचा नाही, ठेवायचा, आवाज न करता. एवढं सावकाश करायला गेलं की पोटाला काम करावं लागतं, मांडी छातीकडे ओढून घ्यावी लागते, खांद्यांना सगळं वजन पेलत थांबावं लागतं. शाळेच्या गॅदरिंगला स्लो सायकलची रेस असायची आठवतंय? जो सर्वात शेवटी पोचेल तो जिंकला, आणि जोरात सायकल मारणारी पोरं दहा फुटांत पाय टेकायची. तोच प्रकार आहे हा. वेगात असलं की शरीराला झोक मिळतो आणि त्या झोकावर अर्धं काम निघून जातं, आपल्याला वाटतं आपण केलं. हळू करायला गेलं की झोक नाही, मग कुठला स्नायू सुट्टीवर आहे ते लगेच उघडं पडतं. माझा डावा कुल्ला सुट्टीवर होता, कित्येक वर्षांपासून असावा.

खाली येताना पण तसंच. प्लँकमधून खाली जाताना चतुरंग दंडासन (कोपरं वाकवून अख्खं शरीर जमिनीच्या जरा वर सरळ धरणं) करायची जबरदस्ती नाही, बहुतेक सगळ्यांना आधी गुडघे टेकवून मग छाती आणि हनुवटी असं अष्टांग नमस्काराने न्यायला लावतात, पण सावकाश. वजन उचलतानाच नाही, ते हळूहळू खाली सोडताना पण स्नायूंचा चांगला कस लागतो, लांब होत असतानाच त्यांना धरून ठेवायचं असतं म्हणून. मी याआधी एका जिममध्ये पॉवर योगा करायचे, तिथे तासाभरात इतक्या वेळा धपाधप चतुरंग करायला लावायचे की मनगटं आणि उजवा खांदा दुखायला लागला होता, आणि पंचवीस माणसांत शिकवणाऱ्याला कोण काय करतंय हे दिसायचंच नाही. तो प्रकारच वाईट असं म्हणत नाहीये, विशीतल्या पोरांना भारी वाटतं, घाम येतो, गाणी मस्त असतात. पण चुकीची हालचाल जोरात आणि पन्नास वेळा केली तर जे व्हायचं तेच होतं. हळू करताना चूक दिसते तरी, दुसऱ्याला आणि आपल्यालाही.

लवचिकतेचं पण एक आहे. स्नायू एकदम झटका देऊन ताणला तर तो स्वतःला वाचवायला उलटा आखडतो. डॉक्टर गुडघ्याखाली हातोडी मारतात आणि पाय आपोआप उडतो, तो हाच रिफ्लेक्स. सावकाश गेलं, तिथे जरा थांबलं, श्वास सोडला की ही आखडण्याची धडपड कमी होते आणि मग अजून थोडं जाता येतं. म्हणून पश्चिमोत्तानासनात, म्हणजे पाय पसरून बसून पुढे वाकताना, झोके देत बोटं पकडायला जाणाऱ्यांना ताई लगेच टोकतात. मला अजूनही बोटं पकडता येत नाहीत बरं का, बेल्ट लावते, पण पाठ आता कमानीसारखी गोल होत नाही.

श्वासाचं मात्र मला खरंच पटलंय. आपण एरवी बसल्या जागी मिनिटाला साधारण १२ ते २० श्वास घेतो. इथे सगळं त्या श्वासालाच बांधलेलं असल्यामुळे तो आपोआप लांबतो, शेवटी शेवटी तर मिनिटाला सहा-सातवर येतो, आणि नाकानेच घ्यायचा असल्यामुळे धापा टाकायची सोयच नसते. धाप लागायला लागली म्हणजे तुम्ही जास्त करताय, एक पायरी खाली या, हा साधा नियम. श्वास घेताना हृदयाचे ठोके किंचित वाढतात आणि सोडताना किंचित मंदावतात, हे तुमच्या-माझ्या सगळ्यांच्या शरीरात चालूच असतं, श्वास लांब केला की हा फरक वाढतो आणि शरीराची ती शांत करणारी यंत्रणा, व्हेगस नर्व्ह वगैरे, तिला जोर मिळतो. उच्छ्वास लांब करा असं आपल्याकडे प्राणायामात पहिल्यापासून सांगतातच. फरक इतकाच की नुसतं बसून अनुलोम-विलोम करायला लावलं की माझ्या डोक्यात जीएसटीचे रिटर्न सुरू होतात, आणि हलता हलता श्वासाचा मेळ धरायचा म्हटलं की डोक्याला दुसरीकडे जायला वावच राहत नाही. मी सीएच्या ऑफिसात आहे, मार्च आणि सप्टेंबरमध्ये आमचं काय होतं ते विचारू नका. या वर्षी त्या दिवसांत झोप लागत होती. ऑफिस तेच, साहेब तेच, क्लायंट तेच.

बाकी फायदा म्हणाल तर छोटा छोटा आहे. जमिनीवर मांडी घालून बसलेलं असताना हाताचा टेकू न घेता उठता येतं. पूजेला, जेवायच्या पंगतीला याची किंमत कळते. स्कूटर स्टँडला लावताना कंबरेत चमक यायची, ती येत नाही. मान वळवून मागे बघता येतं. एका पायावर उभं राहून सलवार घालता येते, हसू नका, पन्नाशीच्या आसपास पोचलात की हा मुद्दा कळेल. वजन म्हणाल तर जिथल्या तिथे.

आणि हे स्पष्टच लिहिते कारण बऱ्याच ठिकाणी योगाच्या नावाखाली काहीही विकतात. कॅलरीसाठी स्लो फ्लोला जाऊ नका. व्यायामाची तीव्रता मोजायचं मेट म्हणून एक माप असतं, गप्प बसून राहणं म्हणजे साधारण १. या मापाच्या २०११ च्या तक्त्यात साधा हठयोग २.५ ला आहे, सूर्यनमस्कार ३.३, पॉवर योगा ४. आणि आठवड्याला निदान १५० मिनिटं मध्यम व्यायाम करा असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, त्यातला मध्यम सुरू होतो ३ पासून. म्हणजे आमचा हा संथ प्रकार बहुतेक वेळ त्या रेषेच्या खालीच. ताईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की इथे येता म्हणून चालणं बंद करू नका, एआरएआयच्या टेकडीवर जात असाल तर जात राहा. फी घेणारा माणूस असं सांगतो तेव्हा विश्वास बसतो. आमच्या बॅचमधले एक काका टेकडी सोडून फक्त इथे यायला लागले होते, त्यांना ताईंनी परत टेकडीवर पाठवलं, आता दोन्ही करतात.

आता हे स्लो फ्लो आहे कुठलं, तर काही लोक लगेच पाच हजार वर्षं वगैरे सुरू करतात. ताई तसलं काही सांगत नाहीत, आजकालचं मिश्रण आहे म्हणतात, आणि बरोबरच आहे. योगगुरू कृष्णमाचार्य मैसूरला राजवाड्यात शिकवायचे १९३० च्या दशकात, त्यांच्याकडे दोन पोरं शिकली, एक पट्टाभी जोइस आणि एक आपले बी. के. एस. अय्यंगार. जोइस यांनी मैसूरला अष्टांग विन्यास पुढे नेलं, उड्या, ठरलेला क्रम, श्वासावर हालचाल, तेच पुढे अमेरिकेत जाऊन फ्लो आणि पॉवर योगा झालं आणि फिरून आपल्याकडे एसी हॉलमध्ये आलं. अय्यंगार १९३७ साली पुण्यात आले ते इथलेच झाले, मॉडेल कॉलनीतली त्यांची संस्था १९७५ ची, परदेशातून लोक तिथे शिकायला येतात आणि आपण पुणेकर शेजारून स्कूटरवर जातो. त्यांच्या पद्धतीत एकेक आसन बराच वेळ धरायचं, ब्लॉक, बेल्ट, खुर्ची, दोऱ्या, पायाच्या करंगळीपर्यंत बारकावे. आमच्या ताईंचं बरंचसं शिक्षण त्या बाजूचं आहे असा माझा अंदाज, कारण करंगळी त्यांना पण दिसते. फक्त आसनं एकाला एक जोडलेली असतात, म्हणजे जोडणी मैसूरची आणि नजर पुण्याची असं काहीसं. ज्यांना एका जागी दोन मिनिटं थांबलं की कंटाळा येतो आणि उड्या मारायचं वय पण राहिलेलं नाही, त्यांच्यासाठी हे मधलं बरं पडतं.

आणि संथ करणं आपल्याला नवीन आहे असंही नाही. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी, सातारा जिल्ह्यातलं औंध हां, आपलं परिहार चौकवालं नाही, त्यांनी सूर्यनमस्काराचा केवढा प्रसार केला, स्वतः रोज घालायचे, संस्थानातल्या शाळांमध्ये सुरू केले. शाळेत आपल्याला जे सूर्यनमस्कार शिकवले ते शिट्टीवर आणि आकड्यांवर, रथसप्तमीला १०८ संपवायची घाई. पण माझे वडील घालायचे ते प्रत्येक नमस्काराला नाव घेऊन, ॐ मित्राय नमः पासून ॐ भास्कराय नमः पर्यंत, आधी नाव पूर्ण म्हणायचं, मग नमस्कार. तेव्हा ते घाई करूच शकत नव्हते. बारा घालायला त्यांना जेवढा वेळ लागायचा तेवढ्यात आम्ही भावंडं पंचवीस उरकून पोह्यांवर बसलेले असायचो. ताई महिन्यातून एखाद्या शनिवारी असेच नाव घेऊन घालायला लावतात, मला तो दिवस सर्वात आवडतो.

तक्रारी पण आहेत, त्या लिहिल्याशिवाय रिव्ह्यू कसला. एक म्हणजे शवासन. तास लांबला की कात्री शवासनालाच लागते, आणि पुढच्या बॅचची मंडळी दाराशी येऊन किल्ल्या वाजवत, "आज पाणी आलं का तुमच्याकडे" अशा गप्पा मारत उभी राहतात. एवढा तासभर श्वास लांब करून शेवटी कॉर्पोरेशनच्या पाण्याची चर्चा ऐकायची. दोनदा-तीनदा सांगून झालंय, चार दिवस शांतता, परत तेच. दुसरं म्हणजे बासरी. बासरी छान असते, पण ताई कुठल्यातरी फुकटच्या ॲपवर लावतात आणि ऐन सेतुबंधासनात सिमेंटची जाहिरात येते. त्यापेक्षा काही लावू नका, खालच्या मजल्यावरच्या कुकरच्या शिट्ट्या परवडल्या. तिसरं, सूचना अर्ध्या मराठीत अर्ध्या इंग्लिशमध्ये, "आता इनहेल करत करत हात वर", याची सवय होते पण आमच्या बॅचमधल्या एक आजी अजूनही इनहेल-एक्सहेलमध्ये गोंधळतात आणि शेजारणीकडे बघून करतात. पार्किंग टू-व्हीलरपुरतं आहे, चारचाकी घेऊन गेलात तर गल्लीत गोल गोल फिरून जी चिडचिड होईल ती घेऊनच वर जाल.

फी महिन्याला १८००, तीन महिन्यांची एकदम भरली तर ४८००, आठवड्याला पाच दिवस. बुडलेल्या दिवसांची भरपाई नाही, गणपतीत आणि दिवाळीत सुट्टी, त्याचे पैसे पण वजा नाहीत. आजूबाजूचे रेट बघता महाग नाही आणि स्वस्त पण नाही. चौदा माणसांत एकेकाकडे लक्ष देतात हे त्यात धरलं तर मला तरी वसूल वाटतं. पहिल्या दिवशी फॉर्म भरून घेतात आणि तो खरंच वाचतात. बीपी, स्लिप डिस्क, हाडं ठिसूळ आहेत का, काचबिंदू आहे का. काचबिंदूवाल्यांना पर्वतासनासारखं डोकं खाली जाणारं काही करू देत नाहीत, त्याने डोळ्यावरचा दाब वाढतो म्हणून, त्यांना भिंतीला हात लावून अर्धंच वाकायला देतात. एका बाईंचे गुडघे कामातून गेलेत, त्यांचा सगळा क्लास निम्मा खुर्चीवर होतो आणि त्यांच्यासाठी वेगळं ठरवून ठेवलेलं असतं, ऐनवेळी "तुम्ही बसा जरा" असं नाही. ऑनलाइन बॅच पण आहे म्हणे, पण कॅमेऱ्यातून कुल्ला सुट्टीवर असलेला कसा दिसणार, मी घेतली नाही.

कोणी जाऊ नये? ज्यांना लग्नाआधी सहा किलो उतरवायचेत त्यांनी. ज्यांना शीर्षासनाचा फोटो पाहिजे त्यांनीपण, कारण ते इथे महिनोन्‌महिने येतच नाही. ज्यांच्या पाठीत किंवा मानेत सध्या दुखणं चालू आहे त्यांनी आधी डॉक्टरकडे जा, योगा म्हणजे फिजिओथेरपी नाही. बाकी जावं कोणी, तर बसून काम करणारे, झोप नीट न लागणारे, आधी कधीतरी योगा करून दुखवून घेतलेले, मेनोपॉजच्या आगेमागे असलेल्या बायका, आणि हो, धावणारी मंडळी, आमच्या बॅचमध्ये मॅरेथॉनवाले दोघं आहेत आणि सर्वात जास्त तेच कण्हतात.

ट्रायल क्लास फुकट असतो पण आदल्या दिवशी सांगून जावं लागतं. स्वतःची मॅट न्या, तिथल्या मॅट आहेत पण पातळ आहेत आणि खाली गुळगुळीत फरशी, पाय मागे घेतला की मॅटसकट सरकतो. मोजे काढून ठेवा. जायच्या आधी चहा-बिस्किटापलीकडे काही खाऊ नका. आणि पंख्याखालची जागा हवी असेल तर सव्वासहालाच पोचा, कारण साडेसहाला तिथे त्या मॅरेथॉनवाल्यांच्या मॅट अंथरलेल्या असतात आणि ते हलत नाहीत.